रस्त्याला भोंगा नसतो
मालट्रक चालकाच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा इतिहास

कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम करवून घ्यायचे नाही, त्याआधी त्याला किमान अर्धा तास विश्रांती दिली पाहिजे. हा नियम भारतीय कायद्यात जवळजवळ सारख्याच शब्दांत दोन ठिकाणी आला. एक कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ५५ आणि दुसरे मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ चे कलम १५. पहिले कलम छपराखाली, चार भिंतींच्या आत, सगळ्यांना दिसणाऱ्या एका घड्याळाखाली काम करणाऱ्या माणसासाठी लिहिले गेले. दुसरे कलम रात्री अडीच वाजता घाट उतरणाऱ्या, केबिनमध्ये बहुधा एकट्याने बसलेल्या माणसासाठी होते. माणसे वेगळी, काम वेगळे, जागा वेगळी. आणि नियम मात्र तोच.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. विशीत असताना एका मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत बिल्ट्या लिहिण्याच्या नोकरीला लागलो आणि सतरा वर्षे तिथे काढली. कामगार कायद्यांची जुनी पुस्तके रद्दीतून उचलून वाचण्याचा नाद तिथलाच. त्या नादातून एक प्रश्न माझ्या मागे लागला तो आजवर सुटलेला नाही. हा अर्धा तास मुळात आला कुठून, आणि गिरणीतून रस्त्यावर येता येता त्याचे काय झाले? हेवी लायसन्स घेऊन नुकत्याच स्टिअरिंगवर बसलेल्या मुलाला ‘पाच तासांनी थांबायचे’ असे सांगणे सोपे आहे. पण त्याला थांबवणार कोण, थांबण्याची नोंद ठेवणार कोण आणि थांबण्याचा खर्च सोसणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे नियमाच्या इतिहासात शोधावी लागतात.

गिरणीतला अर्धा तास

या अर्ध्या तासाची आपल्याकडची सुरुवात मुंबईत सापडते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या आयोगापुढे सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेवला. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. रविवारी पूर्ण सुट्टी, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार वेळेवर, कामावर जखमी झाल्यास भरपाई, आणि दुपारी अर्धा तास विसावा. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक. कामगाराच्या दिवसात त्याचा स्वतःचा असा काही वेळ असावा, ही त्या अर्जामागची भूमिका होती.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाना कायद्यात आला. बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास यंत्रे थांबवण्याचे बंधन त्या कायद्याने घातले. पुढे तासांची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत गेली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला १२ तास, १९२२ मध्ये ११ तास आणि आठवड्याला ६०, १९३४ मध्ये १० तास आणि आठवड्याला ५४, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ९ तास आणि आठवड्याला ४८.

या काळातल्या गिरणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही तिथे तीन गोष्टी होत्या, ज्या पुढे रस्त्यावर कधीच आल्या नाहीत. पहिली गोष्ट भोंगा. काम कधी सुरू झाले आणि कधी थांबले, हे हजारो माणसांना एकाच वेळी ऐकू येई. त्यावर वाद घालायला जागा कमी होती. दुसरी गोष्ट फाटक. निरीक्षक येऊन त्या फाटकाशी उभा राहू शकत असे. तिसरी गोष्ट म्हणजे सोबत. अर्धा तास कापला गेला तर तो हजार जणांचा एकाच वेळी कापला जाई, आणि म्हणून त्याच्यासाठी संप होऊ शकत असे. नियमाचे पाठबळ कायद्याच्या पुस्तकापेक्षा या तीन गोष्टींत अधिक होते.

वॉशिंग्टनमधून वगळलेला रस्ता

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे ना. म. जोशी गेले होते. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हा पहिला आंतरराष्ट्रीय करार तिथे झाला. कराराच्या व्याख्येत रस्त्यावरून होणारी मालाची आणि प्रवाशांची वाहतूकही धरलेली आहे. पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळे कलम घातले गेले. तिथे आठवड्याला साठ तास, आणि तेही कारखाना कायद्याखालील उद्योग, खाणी आणि रेल्वेतील ठरावीक कामे एवढ्यांपुरतेच. रस्ता त्या यादीत नव्हता.

त्या वेळी ते कोणाला खटकले असेल असे वाटत नाही. १९१९ च्या हिंदुस्थानात माल रेल्वेने जाई आणि स्टेशनपासून पुढे बैलगाडीने. मोटारीसाठी १९१४ चा पहिला अखिल भारतीय कायदा होता. त्यात परवाना, नोंदणी, बेदरकार चालवणे हे विषय होते. चालवणारा किती वेळ चालवतो हा विषयच नव्हता. मोटार त्या काळी साहेबाची किंवा संस्थानिकाची. ड्रायव्हर हा घरच्या नोकरांपैकी एक, आणि घरच्या नोकराचे तास कोणी मोजत नसे.

रेल्वेचा महसूल आणि ड्रायव्हरची झोप

पुढच्या वीस वर्षांत लॉरी वाढली. रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील जादा कराचा रस्ते निधी उभा राहिला. त्यानंतर मंदी आली. रेल्वेचे उत्पन्न घसरले आणि तिच्या समांतर धावणाऱ्या मोटारी सरकारच्या डोळ्यांत खुपू लागल्या. मिचेल आणि कर्कनेस यांनी रस्ता आणि रेल्वे यांच्यातील स्पर्धेची पाहणी केली, १९३३ मध्ये सिमल्याला परिषद झाली, १९३७ मध्ये वेजवुड समितीचा अहवाल आला. या सगळ्या कागदपत्रांचा सूर एक आहे. रेल्वेवर नियमांचे ओझे आहे, मोटारीवर नाही, म्हणून ही स्पर्धा असमान आहे.

या वादातून १९३९ चा मोटार वाहन कायदा निघाला आणि त्याच्या ६५ व्या कलमात ड्रायव्हरचे तास प्रथमच आले. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, चोवीस तासांत जास्तीत जास्त नऊ तास, आठवड्यात चोपन्न तास. हा चोपन्नचा आकडा १९३४ च्या कारखाना कायद्यातलाच. गिरणीचा अर्धा तास आणि गिरणीचा आठवडा असे दोन्ही त्या वर्षी रस्त्यावर उतरले.

ड्रायव्हरच्या विश्रांतीचा नियम आपल्याकडे ड्रायव्हरांच्या चळवळीतून आलेला नाही. रेल्वेच्या महसुलाच्या काळजीतून जन्मलेल्या कायद्यात तो एक कलम होऊन आला. इतर देशांतही चित्र फार निराळे नव्हते. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने सलग साडेपाच तास, चोवीस तासांत अकरा तास आणि दहा तास अखंड विश्रांती असे बंधन घातले. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने ट्रक वाहतूक रेल्वेच्याच नियामक आयोगाच्या हाती दिली आणि १९३७ मध्ये त्या आयोगाने तासांचे पहिले नियम केले. तिन्ही देशांत रस्त्याला शिस्त लावण्याची हाक आधी रेल्वेच्या बाजूने आली. पण तिथे मागून संघटना आल्या, त्यांनी तो नियम धरून ठेवला. आपल्याकडे तो धरायला कोणी आले नाही.

१९६१: नवख्या चालकाने काय वाचावे

स्वातंत्र्यानंतरचा मुख्य कायदा म्हणजे मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१. नव्या ड्रायव्हरने त्यातल्या पाच गोष्टी पाठ कराव्यात. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. सलग पाच तासांपूर्वी किमान अर्धा तास विश्रांती. काम आणि विश्रांती मिळून पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंतचा पसारा बारा तासांहून अधिक नाही. आजचे काम संपल्यावर उद्याचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. लांब पल्ल्याच्या मार्गांवर आणि सणासुदीला अधिकाऱ्याच्या मंजुरीने दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांपर्यंत जाता येत असे. दिवसाला आठ तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी.

उदाहरण घेऊ. पहाटे पाचला गाडी निघाली. दहाला थांबलीच पाहिजे. साडेदहाला पुन्हा निघाली तर दीड वाजता आठ तास भरले. लांब पल्ल्याची मंजुरी असेल तर साडेतीनपर्यंत. वाटेत माल उतरवायला चार तास गेले, तरी संध्याकाळी पाचला दिवस संपला, कारण बारा तासांचा पसारा भरला. ताशी सरासरी चाळीस किलोमीटर धरले तर आठ तासांत ३२० किलोमीटर होतात. मुंबईहून नागपूर जुन्या रस्त्याने आठशेच्या पुढे आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबात ही अडीच दिवसांची खेप आहे. ज्याने कधी माल पाठवला किंवा मागवला आहे, त्याने स्वतःला विचारावे की आपण किती दिवस दिले होते.

या कायद्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ तासांच्या कलमात नाही. ती व्याख्येत आहे. ‘कामाचे तास’ म्हणजे काय, तर कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो वेळ. गाडी चालण्याचा वेळ त्यात आला, गाडीशी संबंधित इतर कामांचा आला, आणि थांब्यावर नुसते हजर राहण्याचा वेळही आला, पण तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. ‘नुसती हजेरी’ हा शब्दप्रयोग १९३९ च्या जिनीव्हाच्या रस्ते वाहतूक करारातला आहे. त्या करारात अशा हजेरीचा वेळ कामातच धरला होता. दिल्लीला येताना तिला पंधरा मिनिटांचे कुंपण पडले.

पंधरा मिनिटे ही बसच्या थांब्याची भाषा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एस.टी. सारखी बस होती. तिचे वेळापत्रक ठरलेले, डेपो ठरलेला, पुढची फेरी ठरलेली. मालट्रकची हजेरी वेगळी असते. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत सहा तास, गोदामात हमाल नाहीत म्हणून आणखी चार, जकात होती तेव्हा नाक्यावर अर्धी रात्र. त्या वेळात ड्रायव्हर झोपू शकत नाही, कारण रांग पुढे सरकते. दूर जाऊ शकत नाही, कारण ताडपत्रीखालचा माल त्याच्या जबाबदारीवर आहे. हा वेळ ना काम ना विश्रांती. अशा दहा तासांनंतर गाडी भरून मिळते आणि मग कायद्याच्या घड्याळात त्याचा दिवस नुकताच सुरू झालेला असतो.

महाराष्ट्रात याच फाटकापाशी दुसरा इतिहासही घडला. तीच गाडी भरणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाड्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मालक बदलते, काम अनियमित, जागा निरनिराळ्या. तरी मंडळे स्थापून मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस यांची घडी बसवता येते हे त्या कायद्याने दाखवले. पाठीवर पोते घेणाऱ्याला हिशेब ठेवणारे मंडळ मिळाले. ते पोते कधी चढेल याची वाट पाहणाऱ्याला मात्र असे कोणी मिळाले नाही. माथाडी एका बाजारात एकत्र भेटत, मोर्चा काढू शकत. ड्रायव्हर एकमेकांना भेटतात ते ढाब्यावर, आणि तासाभरात चार दिशांना पांगतात.

वही कोणाच्या हातात

१९६१ चा कायदा पाच किंवा अधिक मोटार कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. आपल्याकडे ट्रकधंद्याचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांचा आहे. काही ठिकाणी मालक आणि ड्रायव्हर एकच. ते सगळे या कायद्याच्या बाहेर राहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, परिवहन वाहन चालवणाऱ्या कोणाचेही कामाचे तास १९६१ च्या कायद्यात सांगितल्याप्रमाणेच असतील असे म्हटले. म्हणजे कागदावर तास सगळ्यांना लागू झाले. पण नोंदवही, तपासणी आणि कामगार निरीक्षक हे पाचांवरच्या उपक्रमांपुरतेच उरले. रस्त्यावरच्या पोलिसाकडे किंवा आरटीओच्या निरीक्षकाकडे ड्रायव्हर किती वाजल्यापासून जागा आहे हे ओळखण्याचे साधनच नव्हते. वजनकाटा होता, धूर मोजण्याचे यंत्र होते, श्वासातली दारू मोजण्याचे यंत्र आले; तास मोजण्याचे आले नाही.

जिथे वही होती तिथे काय होते? मी ज्या कचेरीत होतो तिथे तासांचे रजिस्टर मुनीमजींच्या कपाटात असे. प्रत्येक ड्रायव्हरची सुरुवात आठ वाजता, जेवणाची सुट्टी बारा ते साडेबारा, शेवट साडेचार वाजता. पावसाळ्यात तसेच, दिवाळीत तसेच. चार दिवस इंदूरला अडकलेल्या ड्रायव्हरच्या नावापुढेही तेच. कायद्याला वहीत जे दिसायला हवे होते ते सगळे तिथे होते. ज्याच्या तासांची ती वही होती त्याने ती कधी पाहिलेली नव्हती. कायदा मोडल्याची शिक्षा होती पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पाचशेचा आकडा १९६१ मध्ये जड असेल. मी नोकरीला लागलो तेव्हा तो एका टायरच्या किमतीच्या जवळपासही नव्हता.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. १९३९ च्याच जिनीव्हा परिषदेने प्रत्येक ड्रायव्हरजवळ स्वतःची नोंदवही असावी असे सुचवले होते. ब्रिटन-अमेरिकेत अशा वह्या आल्या आणि ड्रायव्हर-मालक दोघांनी मिळून त्या हव्या तशा भरल्याच्या कथाही आल्या. युरोपने निराळा मार्ग घेतला. जर्मनीत १९५० च्या दशकातच अवजड गाड्यांना टॅकोग्राफ बसवणे सक्तीचे झाले आणि १९७० मध्ये युरोपीय समुदायाने तो नियम सर्व सदस्य देशांसाठी केला. टॅकोग्राफ म्हणजे घड्याळ आणि वेगमापक यांची जोडगोळी. आत मेणाचा थर दिलेली गोल कागदी चकती असे. ती चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करी आणि बारीक सुई तिच्यावर वेग, अंतर आणि थांबणे कोरत जाई. कोरलेली रेघ खोडता येत नसे. गिरणीच्या भोंग्याच्या सर्वांत जवळची रस्त्यावरची वस्तू म्हणजे ही चकती.

तिला पहिला विरोध झाला तो ड्रायव्हरांकडूनच. ब्रिटनमध्ये तिला ‘केबिनमधला हेर’ म्हटले गेले. सरकारने सक्ती टाळली, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये निकाल ब्रिटनविरुद्ध लागला. विरोधामागचे कारण समजण्यासारखे आहे. कमाई किलोमीटरवर असेल तर तास मोजणारे यंत्र म्हणजे पगार कापणारे यंत्र. म्हणून युरोपच्या नियमांत एक कलम आहे ज्याकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रस्त्याची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने, कापलेल्या अंतरावर किंवा वाहिलेल्या मालावर ड्रायव्हरला मोबदला किंवा बक्षीस देता येत नाही. २००६ च्या नियमांत साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटे विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, आणि रोजची विश्रांती अकरा तास असे आकडे आहेत. आकडे बदलत राहतात. घड्याळ आणि पगार यांची गाठ सोडवल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही, हे तिथे अनुभवातून कळले.

आपल्याकडे ही गाठ अजून घट्ट आहे. ड्रायव्हरचा हिशेब खेपेवर होतो. मार्गाचा ठरलेला खर्च हातात दिला जातो, त्यातून डिझेल, टोल, जेवण, वाटेतले ‘इतर’ सगळे भागवायचे आणि उरेल ते आपले. गाडी खोळंबली तर मालकाला गिऱ्हाइकाकडून खोळंब्याचा आकार मागता येतो, धंद्यात त्याला हॉल्टिंग म्हणतात. तो मिळतोच असे नाही, आणि मिळाला तर ड्रायव्हरपर्यंत पोचतोच असेही नाही. अशा व्यवस्थेत अर्धा तास थांबायला सांगणे म्हणजे त्याच्याच खिशातून थांबायला सांगणे.

केबिनच्या रुंदीचा बाक

एका नियमाने मात्र मालट्रकचे वेगळेपण ओळखले होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नव्वदाव्या नियमानुसार राष्ट्रीय परवान्याच्या अवजड गाडीवर किमान दोन ड्रायव्हर असणे आवश्यक होते. शिवाय ड्रायव्हरच्या आसनामागे केबिनच्या पूर्ण रुंदीचा बाक हवा, दुसऱ्या ड्रायव्हरला अंग पसरून झोपता यावे म्हणून. कायद्याने झोपेसाठी जागा मोजून दिल्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

प्रत्यक्षात काय झाले ते महामार्गावर सगळ्यांनी पाहिले आहे. दुसरा ड्रायव्हर कागदावर राहिला. त्याच्या जागी आला क्लीनर, ड्रायव्हरांच्या बोलीतला किन्नर. तो शिकाऊ, बहुतेकदा विनापरवाना, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड आली की स्टिअरिंग त्याच्या हाती. अनेक ड्रायव्हर असेच ‘शिकले’. २०१८ मध्ये देशव्यापी वाहतूक संपानंतर दोन ड्रायव्हरांची अट काढून टाकण्यात आली. जी अट पाळलीच जात नव्हती ती काढली, असे समर्थन करता येईल. पण तिच्या जागी एका ड्रायव्हरच्या तासांवर देखरेख ठेवणारे काही आले नाही. दोनपैकी एक माणूस गेला आणि खेप तेवढीच राहिली.

दारू मोजली, जागरण नाही

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागे असलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका ढळतो, आणि चोवीस तासांनंतर तो सुमारे ०.१० टक्क्यांइतका. आपल्या कायद्यात मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. म्हणजे सतरा तास जागा असलेला ड्रायव्हर, एक थेंबही न घेता, कायद्याने पकडावा अशा अवस्थेच्या पुढे गेलेला असतो. नाक्यावर त्याने फुंकर मारली तर यंत्र शून्य दाखवते आणि तो पुढे निघतो.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतील बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून केलेल्या पाहणीत रोजचे चालवणे सरासरी सुमारे बारा तास निघाले, आणि जवळपास निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप आली तरी गाडी चालवतो असे सांगितले. कायद्यातले आठ आणि रस्त्यावरचे बारा यांतले चार तास कुठे नोंदले जात नाहीत.

एका बाबतीत नव्या रस्त्यांनी हे अंतर वाढवले आहे. जुन्या मार्गावर घाट, नाके, गावे, फाटके ड्रायव्हरला थांबायला लावत. ती विश्रांती नव्हती, पण सलगता तुटे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि तो अडथळ्याविना धावण्यासाठीच बांधला आहे. रस्ता थांबवत नसेल तर थांबण्याचा निर्णय पूर्णपणे माणसावर येतो. आणि थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा सर्वांत वाईट पंच असतो.

राज्यकर्त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरलेले असावेत आणि गाडीत झोप ओळखणारी यंत्रणा असावी, असे नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे म्हटले. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चालकाच्या शरीराचा विचार करणारे हे खरे पाऊल आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासांच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने राज्यांची बैठक बोलवावी आणि परिणामकारक उपाय ठरवावेत असे सांगितले. याच सुमारास उलट दिशेनेही एक पाऊल पडले. १९६१ चा कायदा इतर बारा कायद्यांसह २०२० च्या ज्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, तिने मोटार परिवहन उपक्रमासाठी कामगारसंख्येची अट पाचांवरून दहावर नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अमलात आली. जी वही थोड्यांपर्यंत पोचत होती, ती आता आणखी थोड्यांपर्यंत पोचेल.

घड्याळ आता आहे

१९३९ मध्ये आणि १९६१ मध्येही एक सबब खरी होती. रस्त्यावर घड्याळ बसवणे कठीण होते. आज ती सबब उरलेली नाही. २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली याची नोंद आपोआप होते. मालासोबतच्या ई-वे बिलाला मुदत असते. जानेवारी २०२१ पासून सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. मालकाने लावलेल्या जीपीएसवर गाडी कुठे उभी आहे आणि किती वेळ उभी आहे हे कचेरीतल्या पडद्यावर दिसते, आणि फोन येतो, ‘थांबलास का?’

करासाठी, टोलासाठी, चोरी टाळण्यासाठी आणि गिऱ्हाइकाला माल कधी पोचेल हे सांगण्यासाठी आपण रस्त्यावर भोंगे बसवले आहेत. त्यांतला एकही ड्रायव्हरच्या अर्ध्या तासासाठी वाजत नाही. मालाच्या दिवसाची व्याख्या कायद्याने २०० किलोमीटर अशी केली आहे. गंमत अशी की आठ तासांत ड्रायव्हर आरामात कापेल त्याहून ते अंतर कमीच आहे. म्हणजे सरकारने मालाला दिलेली मुदत माणसाला विश्रांती घेऊ देण्याइतकी आहे. घाई कायद्यातून येत नाही, ती भाड्यातून येते.

म्हणून नव्या ड्रायव्हरला मी तासांचे आकडे सांगतो, आणि सोबत एक साधी गोष्ट. खिशात छोटी वही ठेव. निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, फाटकाबाहेर रांगेत उभे राहिल्याची वेळ स्वतःच्या हाताने लिही. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेव. त्या वहीला आज कायद्यात स्थान नाही. पण लोखंड्यांच्या अर्जामागे ५,५०० माणसे होती आणि त्या प्रत्येकाला आपला दिवस किती लांब आहे हे ठाऊक होते. रांगेतल्या त्या दहा तासांचा हिशेब ज्याने सोसला त्याच्याच हातचा असला, तर उद्या तो कुठेतरी मांडता येईल. गाडी भरून मिळेपर्यंतचा वेळ कामात धरा, खेपेऐवजी दिवसावर पगार द्या, आणि टोलनाक्यावरची वेळ ड्रायव्हरच्याही उपयोगी आणा, या तीन मागण्या लोखंड्यांच्या पाच मागण्यांहून मोठ्या नाहीत. त्यांतला दुपारचा अर्धा तास मिळायला सात वर्षे लागली होती. रस्त्यावरच्या अर्ध्या तासाला १९३९ पासून मोजले तर पंचाऐंशीहून अधिक झाली आहेत.